मधुमेह्यांचे जीवनदाते : सर फ्रेडरिक बँटिंग

नोव्हेंबर महिन्याची १४ तारीख आमच्या विद्यार्थ्यांस बालदिन म्हणून चांगली परिचित आहे. त्या दिवशीं पंडित जवाहरलाल नेहरू यांचें स्मरण होतें, शाळेंत खाऊ वाटला जातो व मुलें आनंद करितात. परंतु हीच तारीख साऱ्या जगांत आणखी एका कारणानें पाळली जाते, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. सन १९९१ पासून हा दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून मानला जातो, व सन २००६ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघानेंही त्यास मान्यता दिली. या तारखेस जन्मलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलानें मधुमेहानें मृत्युपंथास लागलेल्या असंख्य बालकांस जीवदान दिलें. त्याच्या चरित्राची ओळख वाचकांस करून द्यावी व त्यानें आरंभिलेलें काम आज कोठवर येऊन पोंचलें आहे तेंही सांगावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

मधुमेह हा रोग नवा नाहीं. चरक व सुश्रुत यांच्या ग्रंथांत त्याचें वर्णन असून, रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांव घेतात ही खूण आपल्या वैद्यांनीं फार पूर्वींच टिपून ठेविली होती. आपण जो भात, भाकरी, गूळ इत्यादि पदार्थ खातों त्यांची पोटांत शर्करा होते व ती रक्तावाटे सर्व शरीरभर फिरते. निरोगी मनुष्याच्या उपाशीपोटीं घेतलेल्या रक्तांत दर १०० मिलिलिटरांस सुमारें ७० ते १०० मिलिग्रॅम शर्करा आढळते. म्हणजे अंगांतील सुमारें ५ लिटर रक्तांत मिळून ती जेमतेम चहाच्या एका चमच्याइतकी भरेल. एवढ्याशा साखरेवर मेंदूचा व स्नायूंचा सारा व्यवहार चालतो. ती फार वाढली तर न शमणारी तहान लागते, लघवीस वारंवार जावें लागतें, खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. ती फार उतरली तर घाम सुटतो, हातपाय कांपतात व भान हरपतें. हें प्रमाण राखण्यासाठीं जठराच्या मागें असलेल्या स्वादुपिंड नांवाच्या अवयवांतून एक रस थेट रक्तांत मिसळत असतो. लहान मुलांस व तरुणांस जो तीव्र मधुमेह होतो, त्यांत हा रस जवळजवळ बंदच पडतो.

सन १९२२ पूर्वीं अशा मुलांस खरोखर कांहीं उपाय नव्हता. अमेरिकेंतील डॉ. ॲलन हे रोग्यास अत्यल्प आहारावर ठेवीत. त्यायोगें मरण कांहीं महिने किंवा एखाद-दोन वर्षें लांबे. परंतु मूल म्हणजे केवळ हाडांचा सांपळा होऊन राही. अन्न द्यावें तर रोग मारणार, अन्न तोडावें तर उपास मारणार, अशा पेंचांत आईबापें व वैद्य दोघेही सांपडलेले असत.

फ्रेडरिक ग्रँट बँटिंग याचा जन्म ता. १४ नोव्हेंबर १८९१ रोजीं कॅनडा देशाच्या ऑंटारिओ प्रांतांत, ॲलिस्टन गांवाजवळील एका शेतावर झाला. पित्याचें नांव विल्यम व मातेचें मार्गारेट. पांच भावंडांत तो सर्वांत धाकटा होता. घराणें मेथडिस्ट पंथाचें, सरळमार्गी व कष्टाळू होतें. शाळेंत फ्रेडरिक कांहीं विशेष चमकला नाहीं. तो स्वभावानें लाजाळू होता व त्याचें शुद्धलेखन जन्मभर कच्चेंच राहिलें. मात्र शेतावरील कामानें त्याच्या अंगीं चिकाटी बाणली होती.

मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी आईबापांची इच्छा होती. त्याप्रमाणें १९१० सालीं तो टोरोंटो विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया कॉलेजांत दाखल झाला. पण पहिल्याच वर्षाच्या परीक्षेंत त्यास अपयश आलें. पुढें आपला ओढा वैद्यकाकडे आहे असें त्यास दिसून आलें व १९१२ सालीं त्यानें त्या शाखेंत प्रवेश घेतला. इतक्यांत १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें. सैन्यास डॉक्टरांची निकड भासूं लागल्यामुळें विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम घाईनें पुरा करण्यांत आला, व १९१६ च्या अखेरीस पदवी घेऊन बँटिंग सैन्याच्या वैद्यकीय पथकांत गेले. सप्टेंबर १९१८ मध्यें फ्रान्समधील कांब्रे येथील लढाईंत तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांच्या हातास मोठी जखम झाली. तशाही स्थितींत ते कित्येक तास इतर जखमींची शुश्रूषा करीत राहिले. या शौर्याबद्दल त्यांस मिलिटरी क्रॉस हें पदक मिळालें.

युद्ध संपल्यावर बँटिंग यांनीं टोरोंटो येथील मुलांच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेचा आणखी अनुभव घेतला, व १९२० च्या जुलै महिन्यांत ऑंटारिओ प्रांतांतील लंडन नांवाच्या शहरांत स्वतःचा दवाखाना उघडला. दाराबाहेर पाटी लागली, पण रोगी येईनात. पहिल्या महिन्याची कमाई अवघे ४ डॉलर झाली! वैद्यकांत उत्तीर्ण झालेला, पदक मिळविलेला हा तरुण रिकाम्या खोलींत रोग्याची वाट पाहत बसे. पोटास आधार म्हणून त्यांनीं तेथील विद्यापीठांत विद्यार्थ्यांस शिकविण्याचें काम पतकरिलें; त्याचे तासास २ डॉलर मिळत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस परीक्षेंतील किंवा धंद्यांतील अपयशानें खचल्यासारखें होतें, त्यांनीं बँटिंग यांच्या आयुष्यांतील हे दिवस अवश्य ध्यानांत ठेवावे. कारण या शिकवणीच्या कामांतूनच पुढील सर्व घडलें.

ऑक्टोबर १९२० च्या अखेरीस शरीर शर्करेचा उपयोग कसा करितें या विषयावर त्यांस पाठ द्यावयाचा होता. विषय त्यांच्या नित्याच्या परिचयाचा नव्हता, म्हणून ते रात्रीं वाचीत बसले. त्याआधीं इतकें ज्ञात झालेलें होतें : १८६९ सालीं पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्यानें स्वादुपिंडांत पेशींचीं लहान लहान बेटें असल्याचें सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें होतें, आणि १८८९ सालीं फॉन मेरिंग व मिंकोव्हस्की या दोघांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकितांच त्यास तीव्र मधुमेह जडतो असें दाखवून दिलें होतें. म्हणजे रोगावरील औषध त्या बेटांत असलें पाहिजे. पण स्वादुपिंडांत अन्न पचविणारा दुसराही एक तीव्र रस तयार होतो, व बेटांतील रस काढूं गेल्यास तो पाचक रस त्याचा नाश करीत असावा अशी समजूत होती. त्या रात्रीं बँटिंग यांच्या वाचण्यांत मोझेस बॅरन यांचा एक लेख आला. स्वादुपिंडाच्या नळींत खडा अडकला असतां पाचक भाग सुकून जातो, पण बेटें शाबूत राहतात, असें त्यांत म्हटलें होतें. बँटिंग यांस झोंप येईना. पहांटे दोनच्या सुमारास त्यांनीं उठून आपल्या टांचणवहींत चार ओळी लिहिल्या : कुत्र्याची ती नळी बांधावी, पाचक भाग सुकूं द्यावा, व मग उरलेल्या बेटांचा अर्क काढावा.

ही कल्पना घेऊन ते टोरोंटो येथील प्राध्यापक मॅक्लिऑड यांजकडे गेले. मॅक्लिऑड हे स्कॉटलंडचे, शर्करेच्या चयापचयाचे नामांकित अभ्यासक होते. संशोधनाचा कांहींच अनुभव नसलेल्या या खेडवळ डॉक्टरावर त्यांचा फारसा विश्वास बसला नाहीं. तरीही उन्हाळ्यापुरती एक प्रयोगशाळा, १० कुत्रे व एक विद्यार्थी मदतनीस देण्याचें त्यांनीं मान्य केलें. हा मदतनीस म्हणजे २२ वर्षांचे चार्ल्स बेस्ट होत. ता. १७ मे १९२१ रोजीं कामास आरंभ झाला, व पुढील महिन्यांत मॅक्लिऑड सुटीसाठीं स्वदेशीं निघून गेले.

येथें आम्ही वाचकांचें लक्ष एका गोष्टीकडे मुद्दाम वेधूं इच्छितों. बँटिंग शस्त्रक्रिया करीत व अर्क तयार करीत. बेस्ट यांचें मुख्य काम रक्तांतील व मूत्रांतील शर्करा मोजणें हें होतें. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं बेनेडिक्टचें निळें द्रावण साखरेसह तापविल्यावर हिरवें, पिवळें व अखेर विटेसारखें तांबडें होतांना रसायनशाळेंत पाहिलें आहे. त्या काळीं रक्ताची परीक्षाही अशाच रंगांच्या आधारें होत असे. रक्त घ्यावयाचें, त्यांतील प्रथिनें वेगळीं करावयाचीं, रसायन घालून तापवावयाचें, आणि आलेला रंग ठराविक रंगाशीं ताडून पाहावयाचा. ही क्रिया पुनः पुनः करावी लागे. ता. ३० जुलै १९२१ रोजीं मधुमेही कुत्र्यास पहिल्यानें अर्क टोंचला गेला, तेव्हां तो गुणकारी आहे हें बँटिंग यांस कुत्र्याच्या डोळ्यांतील तेजावरून ठरवितां आलें नसतें. तासाभरानंतर बेस्ट यांच्या मोजणींत उतरलेल्या आंकड्यानेंच तें ठरलें. औषध व मोजमाप हीं जुळीं भावंडें होत. एकावांचून दुसरें आंधळें.

याच मोजमापानें बँटिंग यांची मूळ कल्पनाही तपासून पाहिली, व ती अनावश्यक ठरविली. नळी बांधून कित्येक आठवडे वाट पाहण्याची गरज नाहीं, कसाईखान्यांतून आणलेल्या गुरांच्या साध्या स्वादुपिंडापासूनही आम्लयुक्त मद्यार्काच्या साहाय्यानें गुणकारी अर्क निघतो, असें वर्षअखेरीस दिसून आलें. कोणी दुराग्रही मनुष्य आपल्या पहिल्या कल्पनेस चिकटून बसला असता. बँटिंग यांनीं ती सोडली, आणि म्हणूनच औषध विपुल मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. मार्जोरी नांवाची एक कुत्री स्वादुपिंडावांचून या अर्कावर सुमारें ७० दिवस जगली. या कार्यांत अनेक मुक्या प्राण्यांचे बळी पडले, तेंही येथें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे.

डिसेंबर १९२१ मध्यें जेम्स कॉलिप हे कुशल रसायनशास्त्रज्ञ या मंडळींत येऊन मिळाले. ता. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरोंटो येथील रुग्णालयांत लेनर्ड टॉम्प्सन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलास पहिली सुई देण्यांत आली. त्याचें वजन अवघें ६५ पौंड, म्हणजे ३० किलोहूनही कमी होतें. त्याच्या रक्तांतील शर्करा ४४० वरून ३२० वर आली खरी, पण अर्क अशुद्ध असल्यामुळें सुईच्या जागीं गळूं झालें व उपचार थांबवावा लागला. कॉलिप यांनीं रात्रंदिवस खपून अर्क शुद्ध केला. ता. २३ जानेवारीस पुनः सुई दिली. एका दिवसांत शर्करा ५२० वरून १२० वर उतरली. मुलाच्या अंगांत बळ आलें, तो हिंडूं-फिरूं लागला. पुढें तो आणखी १३ वर्षें जगला. लॅटिन भाषेंत बेटास जो शब्द आहे त्यावरून या औषधास इन्शुलिन असें नांव पडलें.

त्यानंतर दूरदूरचीं आईबापें आपल्या वाळलेल्या मुलांस घेऊन टोरोंटोची वाट धरूं लागलीं. टेडी रायडर हा बालक त्यांपैकींच एक. जुलै १९२२ मध्यें तो आला तेव्हां त्याचें वजन २६ पौंड होतें. तो १९९३ पर्यंत जगला. अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री चार्ल्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हीही ४५ पौंड वजनाची होऊन त्याच वर्षाच्या ऑगस्टांत बँटिंग यांजकडे आली, व १९८१ पर्यंत तिनें संसारी आयुष्य उपभोगिलें.

परंतु औषध मिळालें म्हणजे धोका टळला असें झालें नाहीं. आरंभींच्या काळांत एका घाणीचें औषध सौम्य तर दुसऱ्या घाणीचें प्रखर निघे. ज्या औषधानें शर्करा उतरे, तेंच अधिक झाल्यास रोगी थरथर कांपूं लागे व बेशुद्ध होई. अशा वेळीं साखर देतांच तो शुद्धीवर येई. बँटिंग यांचे सहाध्यायी डॉ. जोसेफ गिलख्रिस्ट हे स्वतः मधुमेही होते. त्यांनीं नव्या औषधाची शक्ति अजमावण्यासाठीं तें आपल्याच अंगावर घेण्याचें धाडस पुनः पुनः केलें. तात्पर्य, इन्शुलिन हें दुधारी शस्त्र आहे. किती द्यावें हें रक्तांतील शर्करा किती आहे यावर अवलंबून असतें, व ती शर्करा घटकेघटकेस बदलत असते.

कीर्ति आली कीं तिच्यामागून कलहही येतो. या मंडळींतही तसें झालें. श्रेय कोणाचें यावरून बँटिंग व कॉलिप यांच्यांत एकदां हातघाईचा प्रसंग आल्याचें सांगतात. मॅक्लिऑड यांच्याविषयीं तर बँटिंग यांच्या मनांत कायमची अढी बसली. त्यांचा स्वभाव तापट व संशयी होता, हें चरित्रकारानें लपवूं नये. १९२३ सालीं नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांस विभागून मिळालें. बेस्ट यांचें नांव त्यांत नव्हतें. बँटिंग संतापले, व आपल्या वांट्याच्या रकमेंतील अर्धी त्यांनीं बेस्ट यांस दिली. मॅक्लिऑड यांनींही आपला अर्धा भाग कॉलिप यांस दिला. रुमानियांतील पाउलेस्कू यांनीं त्याच सुमारास असाच अर्क काढून प्राण्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले होते, तेंही सत्यास स्मरून सांगितलें पाहिजे. वयाच्या ३२ व्या वर्षीं हा मान मिळविणारे बँटिंग वैद्यकाच्या नोबेल विजेत्यांत आजही सर्वांत तरुण आहेत.

या कलहापेक्षां आम्हांस त्यांची दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. इन्शुलिनच्या पेटंटापासून अपार संपत्ति मिळविणें त्यांस शक्य होतें. परंतु रोग्याच्या औषधावर वैद्यानें धनी म्हणून हक्क सांगणें हें वैद्याच्या शपथेस धरून नाहीं, अशी त्यांची भावना होती. बनावट मालापासून लोकांचें रक्षण व्हावें एवढ्यासाठींच पेटंट घेण्यांत आलें, आणि जानेवारी १९२३ मध्यें तें प्रत्येकीं १ डॉलर नाममात्र मोबदल्यावर टोरोंटो विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यांत आलें. ज्याची पहिल्या महिन्याची कमाई ४ डॉलर होती, त्यानें जगांतील एक अमोल औषध १ डॉलरास देऊन टाकिलें!

पुढील आयुष्यांत बँटिंग यांनीं कर्करोग व खाणींतील धुळीनें होणारा फुप्फुसाचा रोग यांवर संशोधन चालविलें. चित्रें काढण्याचा त्यांस मोठा नाद होता. १९२७ सालीं ए. वाय्. जॅक्सन या चित्रकारासह ते उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशांत चित्रें काढीत हिंडले. १९३४ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. दुसरें महायुद्ध सुरू होतांच त्यांनीं वैमानिकांच्या आरोग्याविषयींच्या संशोधनाची धुरा उचलली. त्याच कामासाठीं ता. २० फेब्रुवारी १९४१ च्या रात्रीं ते विमानानें इंग्लंडास निघाले. न्यूफाउंडलंड बेटावरून उडाल्यावर थोड्याच वेळांत विमानाचीं यंत्रें बिघडलीं व तें बर्फांत कोसळलें. वैमानिक वांचला, पण बँटिंग यांचा दुसऱ्या दिवशीं अंत झाला. त्यांचें वय अवघें ४९ वर्षांचें होतें. लंडन शहरांतील ज्या घरांत त्यांस ती कल्पना सुचली, तेथें १९८९ सालीं एक ज्योत लावण्यांत आली आहे. मधुमेह मुळापासून बरा करणारा उपाय सांपडेल तेव्हांच ती विझवावयाची असा संकल्प आहे. ती अजून तेवत आहे, यावरून इन्शुलिन हा रोगाचा शेवट नव्हे हें वाचकांनीं ओळखावें.

बँटिंग यांच्या मागें औषधाची प्रगति झाली, तशीच बेस्ट यांच्या मोजमापाचीही झाली. पुष्कळ वर्षें रोगी घरीं लघवीच तपासूं शकत. १९६५ च्या सुमारास बोटाच्या टोंकांतील रक्ताचा थेंब लावून पाहण्याच्या पट्ट्या निघाल्या, व मागून त्यांचा रंग वाचणारें यंत्र आलें. पण बोट टोंचून मिळणारा आंकडा त्या एका क्षणापुरताच. रात्रीं दोन वाजतां मूल झोंपलें असतां त्याची शर्करा किती उतरली, हें आईस कसें कळावें? या प्रश्नाचें बीज-उत्तर १९६२ सालीं अमेरिकेंतील लीलंड क्लार्क यांनीं दिलें. शर्करेवर क्रिया करणारें एक विकर त्यांनीं विजेच्या अग्राशीं बसविलें, म्हणजे शर्करेचें प्रमाण विजेच्या प्रवाहावरून वाचतां येऊं लागलें. त्याच तत्त्वावर त्वचेखालीं केसासारखी बारीक तार ठेवून सतत मोजणारीं यंत्रें १९९९ पासून वापरांत आलीं. अशी चकती दंडावर चिकटवून सुमारें दोन आठवडे वापरतात.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे संपूर्णपणें त्वचेखालीं पुरलेला सूक्ष्म संवेदक. तो औषधाच्या लहान कुपीच्या आकाराचा, लांबीस सुमारें १८ मिलिमीटर असतो. डॉक्टर दंडाची त्वचा किंचित् चिरून तो आंत बसवितात. त्याच्या पृष्ठभागावरील द्रव्य शर्करेच्या सान्निध्यांत कमीअधिक चमकतें. ती चमक आंतील प्रकाशग्राहक मोजतो, व त्वचेवर चिकटविलेली दुसरी चकती त्यास शक्ति पुरवून दर ५ मिनिटांस आंकडा भ्रमणध्वनीकडे पाठविते. म्हणजे दिवसास २८८ वेळां मोजणी! शर्करा घसरूं लागली तर चकती थरथरून झोंपलेल्यास जागें करिते. परक्या वस्तूभोंवतीं शरीर पेशींचें आवरण घालूं पाहतें; तें रोखण्यासाठीं संवेदकास सूज कमी करणाऱ्या औषधाचें कडेंही जोडलेलें असतें. युरोपांत असा संवेदक २०१६ सालीं मान्य झाला. अमेरिकेंत २०१८ सालीं ९० दिवसांसाठीं व २०२४ सालीं पूर्ण वर्षासाठीं. त्यास मर्यादाही आहेत. तो प्रत्यक्ष रक्त न मोजतां पेशींमधील द्रव मोजतो, म्हणून त्याचा आंकडा रक्ताच्या कांहीं मिनिटें मागें असतो. अधूनमधून बोट टोंचून त्याची पडताळणी करावी लागते. आणि तो घालण्यास व काढण्यास डॉक्टर लागतो.

कोणी म्हणेल, कॅनडा व अमेरिका येथील या गोष्टींशीं आमच्या वनप्रदेशाचा काय संबंध? संबंध पुष्कळ आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत १० कोटींहून अधिक लोकांस, म्हणजे प्रौढांपैकीं शेंकडा ११.४ जणांस मधुमेह आहे. हा केवळ मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांचा रोग आहे अशी समजूत करून घेणें घातक होय. अर्धपोटीं वाढलेल्या, कृश तरुणांसही एका निराळ्या प्रकारचा मधुमेह होतो. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत या रोग्यांचा सूक्ष्म अभ्यास झाला, व एप्रिल २०२५ मध्यें बँकॉक येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्यास पांचवा प्रकार असें स्वतंत्र नांव मिळालें. अशा रोग्यास इन्शुलिन थोडें अधिक झालें व घरांत अन्न कमी असलें, तर शर्करा एकाएकी घसरून जीवावर बेततें.

आमच्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आणखी एक अडचण आहे. येथील कित्येक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. शहरांत मधुमेह्याची मागील तीन महिन्यांची सरासरी एका रक्ततपासणीनें काढितात. पण सिकलसेलच्या रोग्याच्या तांबड्या पेशी लवकर मरत असल्यामुळें ती तपासणी शर्करा आहे त्याहून कमी दाखविते. रोग वाढत असतो व कागद मात्र सर्व ठीक म्हणतो. अशा रोग्यांत प्रत्यक्ष शर्करा वरचेवर मोजणें हाच खरा मार्ग. म्हणून सतत मोजणारा संवेदक ही श्रीमंतांची चैन न मानितां, ज्यास त्याची खरी गरज आहे तो मनुष्य कदाचित् भामरागड-एटापल्लीकडील जंगलांतच राहत असेल, असा विचार करावा लागतो.

तेथें तर अजून साधी पट्टी व साधें इन्शुलिन वेळेवर मिळणें हाच प्रश्न असतो. इन्शुलिन २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवावें लागतें, आणि चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. वीज नसेल तेथें ओल्या वाळूंत ठेविलेलें मातीचें मडकें ही त्यांतल्या त्यांत चांगली सोय. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीस पूर आला कीं भामरागडचा मार्ग बंद होतो. अशा वेळीं घरांतील शेवटची कुपी संपली तर तीव्र मधुमेह झालेलें मूल किती दिवस तग धरील? १९७३ पासून हेमलकसा येथें लोकबिरादरीनें व १९८६ पासून गडचिरोलींत सर्च या संस्थेनें वनवासी जनतेच्या आरोग्याचें जें काम चालविलें आहे, त्यावरून एवढें सिद्ध झालें आहे कीं दुर्गमपणा हें उपचार न पोंचण्याचें पुरेसें कारण नव्हे. शिकलेलीं माणसें तेथें गेलीं म्हणजे उपचारही जातो.

म्हणून आमचें विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, बँटिंग यांच्या चरित्रांतून केवळ स्तुतिस्तोत्र घेऊं नका. घरांत किंवा शेजारीं एखादें मूल सारखें पाणी मागूं लागलें, रात्रीं वारंवार उठूं लागलें व खात असूनही झडूं लागलें, तर त्यास दृष्ट लागली म्हणून बसूं नका. त्याच दिवशीं आरोग्य केंद्रांत नेऊन रक्ताचा एक थेंब तपासून घ्या. एक थेंब व एक आंकडा, यांत त्या मुलाचें उभें आयुष्य सामावलेलें असूं शकतें. ज्यांस विज्ञानाची गोडी आहे त्यांनीं रसायनशाळेंत आंकडा घेतांना तो मनासारखा नसला तरी जसा आला तसाच लिहिण्याची संवय लावून घ्यावी. बँटिंग यांची कल्पना अशाच प्रामाणिक आंकड्यांनीं सुधारिली. आणि जे पुढें डॉक्टर, परिचारिका किंवा यंत्रज्ञ होतील, त्यांनीं १ डॉलरास दिलेलें तें पेटंट स्मरावें. औषध शोधणाऱ्यानें आपलें काम शंभर वर्षांपूर्वींच केलें आहे. तें वैनगंगा व इंद्रावती यांच्या कांठच्या शेवटच्या झोंपडीपर्यंत पोंचविण्याचें काम अद्याप उरलें आहे, व तें करणारीं माणसें याच शाळांच्या बांकांवरून निघावयाचीं आहेत.